हो पोटाक काय करता?

रविवार, रात्रीचे पावणेबारा

दुपारी लेकीने विचारलं, आई तुझा फेव्हरेट जॉनर कोणता गं, तिला कसल्यातरी ॲपवर घरातल्या सगळ्यांचं भरायचं होतं. नवऱ्याने झोपल्या झोपल्या सांगून टाकलं, ॲक्शन. मला काही सांगताच येईना. मला भुताचे पिक्चर आवडतात, कोर्टाचे आवडतात, अंतराळातले आवडतात, जुने अमोल पालेकरचे तर किती वेळा बघून झालेत, आणि ह्याच सगळ्या प्रकारांतले कितीतरी पिक्चर मी अर्ध्यावर बंद पण केलेत. ती म्हणाली मग मिक्स टाकते. टाकलं तिने, पण माझ्या डोक्यातून ते जाईना, आणि संध्याकाळी भाकऱ्या थापताना एकदम बाबांचं वाक्य आठवलं आणि कळलं की उत्तर तेच आहे.

बाबा लालबागला गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. पिक्चरचा भारी नाद. पाळी सुटली की भारतमाताला जायचे, कधी आम्हाला घेऊन, कधी दोस्तांबरोबर. आणि कुठलाही पिक्चर असो, हीरोची एंट्री झाली, गाणं झालं, मारामारी झाली की ते आईकडे वळून विचारणार, "ता सगळा ठीक, पण हो पोटाक काय करता?" म्हणजे ह्याचा कामधंदा काय. पिक्चरमधे त्याचं उत्तर मिळालं नाही तर बाबांच्या लेखी तो पिक्चर खोटा. घरी येताना चालत चालत सांगायचे, एवढा मोठा बंगला, आणि माणूस एक दिवस कामावर जाताना दाखवला नाही.

गिरण्यांचा संप लागला 18 जानेवारी 1982 ला. मी आठ वर्षांची होते. त्या वर्षी गणपतीत रस्त्यात पडदा बांधून पिक्चर दाखवत होते, एका रात्री 'दीवार' लागला. सगळी चाळ खाली बसलेली, बाबा मला पुढे घेऊन बसले कारण त्यांना माहीत होतं की ह्यात अमिताभ गोदीत हमाल आहे, म्हणजे कामगार. पण त्याच्या आधी त्याच्या बापाची गोष्ट येते ना, तो युनियनचा पुढारी, मालक त्याच्या बायकापोरांना पळवतो आणि तो नाइलाजाने त्या कागदावर सही करतो, मग तेच कामगार त्याच्या अंगावर धावून जातात. तिथे बाबा उठले. मला वाटलं पाणी प्यायला गेले. परत आलेच नाहीत, उरलेला पिक्चर मी आईच्या मांडीवर बघितला. रात्री वर गेलो तर ते गॅलरीत बसलेले, आईने काही विचारलं नाही, मी पण नाही. गिरणीत ते परत गेलेच नाहीत, पुढे दादरला एका बिल्डिंगमधे वॉचमन म्हणून लागले ते रिटायर होईपर्यंत. पिक्चर बघायचे नंतरही, शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी लागायचा तेव्हा शेजारच्यांकडे जाऊन. पण तो प्रश्न मात्र परत कधी त्यांच्या तोंडून ऐकला नाही.

तो मग माझ्याकडे आला असणार. कारण आज मला आवडलेले पिक्चर एकेक आठवायला लागले तर सगळ्यांत कोणीतरी मन लावून काम करतंय. 'छोटी सी बात' घ्या, लव्हस्टोरी म्हणतात, पण मला त्यातली बसची रांग, ऑफिस, फाइल, साहेब, लंचची सुट्टी हेच जास्त आवडतं, ती दोघं प्रेमात पडतात ती कामावर जाता येता. 'लंचबॉक्स'मधला इरफान क्लेम्स डिपार्टमेंटला अकाउंट्स बघतो, मी पण पंचवीस वर्षं आकडेच बघते, बॅलार्ड इस्टेटला, कस्टममधून माल सोडवणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे. त्यात नवाजुद्दीन ट्रेनमधे ऑफिसच्या फाइलवर भाजी चिरतो ते बघून मी थिएटरमधे नवऱ्याचा हात दाबला, कारण लेडीज डब्यात आम्ही मटार सोलतो, मेथी निवडतो, ते कोणीतरी बघितलंय आणि पिक्चरमधे घातलंय.

'कोर्ट' बघायला गेले ते लोक म्हणाले स्लो आहे म्हणून घाबरतच. त्यात गीतांजली कुलकर्णी सरकारी वकील, कोर्टात त्या बिचाऱ्या शाहिराविरुद्ध कलमांवर कलमं वाचून दाखवते, मला राग येत होता तिचा. आणि मग ती कोर्ट सुटल्यावर लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. तिच्या कामाचा राग गेला नाही माझा, पण तिला मी ओळखते, रोज माझ्या समोरच्या सीटवर बसते ती. एवढं मला दुसऱ्या कुठल्या कोर्टाच्या पिक्चरने दिलं नाही.

भुताच्या पिक्चरचं पण तसंच. नुसतं दार वाजतंय, बाई किंचाळतेय, मला नाही बघवत. पण 'तुंबाड' 2024 मधे परत लागला तेव्हा लेकीला मुद्दाम घेऊन गेले. कणकेच्या बाहुल्या, दोर, खाली उतरायचं कसं, किती वेळात वर यायचं, आणि बाप पोराला ते सगळं शिकवतो, धंदा शिकवावा तसं. हाव ही पण कामासारखी रोजची होऊन बसते ते बघून भीती वाटते, त्यातल्या त्या राक्षसापेक्षा, हस्तरपेक्षा जास्त. 'एलियन' 1979 चा आहे, त्यातलं ते जहाज मालवाहू, त्यात फक्त सात माणसं, आणि सुरुवातीलाच इंजिनचं बघणारे दोघं बोनसवरून कुरकुर करतात, आमचा वाटा कमी का म्हणून. एवढं ऐकलं आणि मी त्यांच्या बाजूची झाले, पुढे तो प्राणी आला तर माझा जीव त्या दोघांत अडकलेला. सुपरहीरोवाले मला आवडत नाहीत, अपवाद दुसरा 'स्पायडर-मॅन', त्यात तो पिझ्झा उशिरा पोचवतो म्हणून नोकरी जाते. लेकीचं जपानी कार्टून 'स्पिरिटेड अवे' पण त्याचसाठी आवडलं, एवढीशी पोर हमामात लादी पुसते.

'बनवाबनवी'ला मात्र हा नियम लागू नाही. तिथे भाड्याने खोली मिळत नाही एवढं पुरतं मला, बाकी काही विचारायचंच नाही.

जपानीच अजून एक, 'इकिरू', 1952 चा. तीन दिवस ट्रेनमधे जाता येता मोबाइलवर बघितला. तीस वर्षं एकाच खात्यात शिक्के मारणारा माणूस, कॅन्सर झालाय कळतं, मग तो एक काम पूर्ण करायचं ठरवतो, वस्तीतल्या बायकांना घाणीच्या डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग हवी असते ती. त्या बायकांना आधी ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात ना, मी कामासाठी किती वर्षं अशीच फिरलेय एकेका शिक्क्यासाठी, मला अक्षरशः त्यांची चप्पल झिजलेली जाणवत होती. शेवटी तो बर्फात झोक्यावर बसतो तेव्हा कुर्ला गेलं, घाटकोपर गेलं, मला विक्रोळीला उतरायचं भान राहिलं नाही, भांडुपहून परत आले.

आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. हा मी आईला घेऊन प्लाझाला बघितला, बाबा गेले त्याच वर्षी. आपला पहिला पिक्चर 1913 ला गिरगावात कोरोनेशनला लागला हे शाळेत वाचलेलं, पण तो बनवायला काय काय करावं लागलं ते कुठे माहीत होतं, की फाळक्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं शूट करून लोकांना दाखवलं, तारामती करायला बाई मिळेना म्हणून हॉटेलात काम करणारे साळुंके उभे राहिले. आणि फाळक्यांची बायको, सरस्वतीबाई. सगळ्या युनिटचा स्वयंपाक त्यांचा, वर रात्री फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम पण त्यांचंच. घरी आल्यावर आई नुसतं म्हणाली, बाईन केल्यान सगळा.

तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की बाबांनी हीरोइनबद्दल तो प्रश्न कधी विचारला नव्हता. आणि संपात आमचं घर चाललं कशावर, तर आई डबे करून द्यायची, पहाटे साडेतीनला स्टोव्ह पेटायचा. ते काम आहे असं आमच्यापैकी कोणी म्हटलंच नाही. बाबा चांगले होते, पण म्हटलं नाही. हे मला आज लिहून ठेवायचंय.

लॉकडाऊन नंतर 'द ग्रेट इंडियन किचन' मोबाइलवर बघत होते, मल्याळम, सबटायटल वाचत. आई शेजारी येऊन बसली. तिला ना मल्याळम येत, ना इंग्लिश वाचता येत, म्हटलं उठेल पाच मिनिटांत. उठली नाही. चिरणं, वाटणं, ताटातलं उष्टं उचलणं, परत घासणं, सिंकखाली गळणाऱ्या पाण्याची बादली, आणि नवरा प्लंबरला बोलवायचं रोज विसरतो. आई एकदाच बोलली, "तो काय बोलवूचो नाय." शेवटी ती बाई ते घाण पाणी नवरा आणि सासरा दोघांवर फेकून निघून जाते तेव्हा मी आईकडे बघितलं, तिचा पदर तोंडावर होता, हसत होती का रडत होती ते मला कळलं नाही.

मग बराच वेळ गप्प. शेवटचा सीन चालू होता.

"आता ही पोटाक काय करता?"

म्हटलं, नाच शिकवते आई, क्लासमधे.

"पगार गावता मा तिका?"