लाल पेन आणि भडंग

आज आमच्या लेखक मंडळात महिन्याचे पाहुणे म्हणून दिवाळी अंकाचे एक जुने संपादक आले होते, सकाळपासून पाऊस, कृष्णेचं पाणी वाढतंय म्हणून निम्मी मंडळी घरातच, आम्ही अकरा जण आणि माइक बंद. म्हटलं गेला आता रविवार (मागच्या पाहुण्यांनी स्वतःच्याच सतरा कविता वाचलेल्या, असो). पण यांनी १९०९ च्या 'मनोरंजन'च्या पहिल्या दिवाळी अंकापासून जे सुरू केलं ते तासभर कुणी हललं नाही.

मग म्हणाले, कुणाची तरी कथा द्या बघू. मी दिली. खिशातनं लाल पेन काढलं आणि पहिल्या अख्ख्या परिच्छेदावर काट! "हे लिहायच्या आधीचं खाकरणं आहे बाळ." मी त्रेपन्न वर्षांची, म्हणे बाळ. सगळे हसले, मीपण हसले, पण आतनं जाम राग आलेला.

घरी येऊन भडंगाचा पुडा फोडला न परत वाचलं. पावसाचं ते पाऊण पान वर्णन गेल्यावर कथा डायरेक्ट दारातल्या ओल्या चपलांपासून सुरू होते, आणि बरी वाटते की हो!

थँक्यू म्हणायचं राहिलंच, त्यांना मिरजेहून गाडी गाठायची होती.