तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णा का गेले

प्रश्न दरवेळी वेगळ्या शब्दांत येतो पण असतो तोच. ऑफिसात डबा खाताना येतो, लग्नाच्या हॉलमध्ये येतो, एकदा तर नेत्र तपासायला गेले तेव्हा आला. "तुमच्या बीडकडे घरं इतकी का मोडतात हो, दारूमुळेच ना?" किंवा "शाळा सोडायची, पंधराव्या वर्षी लग्न, लगेच पोरं, मग गरिबी हटणार कशी?" आणि मला सगळ्यात जास्त लागतो तो हा: "तूही त्याच घरातली ना, तू शिकलीस, मग बाकीच्यांना कुणी अडवलं होतं?"

पंधरा वर्षं मी ह्याची तुकड्यातुकड्यात उत्तरं देते आहे आणि दरवेळी घरी आल्यावर वाटतं, हे नव्हतं सांगायचं. आज एकदाच सगळं लिहिते. पटलं नाही तरी चालेल पण निदान पूर्ण वाचा.

ऊसतोडीबद्दल, म्हणजे दरवर्षी गाव सोडून साखर कारखान्यांचा ऊस तोडायला जाण्याबद्दल, तुम्ही वाचलेलं असतं म्हणून ते सगळं परत सांगत बसत नाही. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. तिकडे एक कोयता म्हणजे एक माणूस नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. उचल, म्हणजे हंगामाआधी हातात पडणारी आगाऊ रक्कम, मिळते ती जोडीला. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याची उचल अर्धी, आणि पुष्कळदा मुकादम, म्हणजे उचल देऊन मजूर नेणारा कंत्राटदार, त्याला घेतच नाही. आमच्या घरातून पहिल्यांदा आजोबा आणि आजी गेले ते ७२ च्या दुष्काळानंतर, मग अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि आई. म्हणजे ज्या घरांना तुम्ही "मोडकी" म्हणता त्या घरांत लग्न हा नुसता संसार नसतो, ती कामावर घेण्याची अटच असते. लग्न लवकर का करतात असं विचारता तेव्हा हे तुम्हाला माहीत असतं का, मला खरंच कळत नाही.

आणि "तुमचा समाज" असं म्हणू नका. ऊसतोडीच्या टोळीत वंजारी असतात, मराठा असतात, बंजारा असतात, दलित असतात. ज्याची जमीन कोरडवाहू आणि ज्याच्या घरी दिवाळीनंतर खायला नाही तो जातो.

आता अण्णांचं सांगते, कारण माझ्याकडे जे काही उत्तर आहे ते त्यांच्यापाशीच येऊन अडकतं.

मी सातवीत होते. त्या उन्हाळ्यात आईची गर्भपिशवी काढली. अंगावरून जायचं, पोट दुखायचं, एका खाजगी दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाला काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. आई तेव्हा तेहतीसची. कुठली तपासणी नाही, काही नाही. (हे आमच्याच घरी झालं असं मला कित्येक वर्षं वाटायचं. मग २०१९ मध्ये बातम्या आल्या, नीलम गोऱ्हेंच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांना विचारलं गेलं आणि त्यातल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. मी ती बातमी ऑफिसात वाचली आणि बाथरूममध्ये जाऊन बसले.) ऑपरेशनचे पैसे मुकादमाकडून आले, म्हणजे ते उचलीत चढले. वर त्या सालाची उचल अण्णांनी श्रावणातच घेतली होती. त्यातले काही आधीचं फेडण्यात गेले, काही घरावर पत्रे टाकण्यात, आणि काही दारूत गेले. हो, गेले. अण्णा प्यायचे. प्यायल्यावर आईला मारायचे. रात्री दोन वाजता ट्रक भरून आलेला माणूस अंग ठणकतंय म्हणून पितो हे मला समजतं, पण अण्णा गावात असताना, जेव्हा ट्रक नव्हता काही नव्हतं, तेव्हाही प्यायचेच की. हे मी लपवणार नाही.

दसऱ्याच्या आठ दिवस आधी अण्णा "बाजार करून येतो" म्हणून गेले आणि आले नाहीत.

पहिल्या दिवशी वाटलं कुठे पडले असतील. दुसऱ्या दिवशी चुलते बघून आले. तिसऱ्या दिवशी आईने विचारणं बंद केलं. निघायच्या दिवशी सकाळी मुकादम आला. तुम्हाला वाटेल ओरडला असेल, हात उचलला असेल, तर तसं काहीच झालं नाही. त्याने चप्पल बाहेर काढली, खाटेवर बसला, आजीने केलेला चहा प्यायला आणि पिशवीतून वही काढली. लाल कापडी पुठ्ठ्याची वही. बोट ठेवून आईला आकडे दाखवले, आईला वाचता येत नव्हतं तरी दाखवले. "वहिनी, मी काय माझ्या घरचे दिलेत का? मलाही पुढं भरायचेत." हे खोटं नव्हतं. पैसा कारखान्याकडून त्याच्याकडे येतो आणि त्याच्याकडून आमच्याकडे, कोयता पळाला की खड्डा त्याच्या अंगावर पडतो. मग चुलते म्हणाले की नवरा नाही तर बाई येईल. मुकादमाने आईकडे बघितलं. आई भिंतीला टेकून बसली होती, तिला अजून पाण्याची घागर उचलवत नव्हती आणि तिकडे डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं. तो म्हणाला, "एकटीचा अर्धा पण धरता येत नाही. एक पोरगी द्या बरोबर, मग बघू."

आम्ही दोघी दारात उभ्या होतो. अक्का पंधराची, नववीत. मी बाराची. अंगाने मी थोराड होते, अक्का काडी. त्याने आधी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "ही?"

मी म्हणाले, "माझी स्कॉलरशिपची परीक्षा आहे."

एवढंच म्हणाले. तेव्हा चौथी-सातवीला स्कॉलरशिप असायची, आणि आमच्या गुरुजींना माझ्याकडून फार आशा होती. कुणी मला ढकललं नव्हतं आणि कुणी धरूनही ठेवलं नव्हतं. अक्काने माझ्याकडे बघितलं नाही. ती आत गेली, दप्तरातली पुस्तकं काढून फडताळावर ठेवली, दप्तर रिकामं केलं आणि त्यात दोन झगे आणि टॉवेल भरला. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, शेळी, गोधड्या, त्यावर आई, आणि आईच्या पाठीला पाठ लावून अक्का. ट्रॅक्टर फाट्यापर्यंत दिसत होता.

"तू कशी शिकलीस" ह्याचं उत्तर हे आहे. मला स्कॉलरशिप मिळाली.

त्याच हंगामात, तिकडे उसाच्या फडावरच, अक्काचं लग्न झालं. शेजारच्या टोळीतला मुलगा, एकोणीसचा, त्याला कोयता पूर्ण करायचा होता. आमची जी उचल फिटायची राहिली होती ती त्यांनी अंगावर घ्यायची, असं ठरलं. विकली असं कुणी म्हटलं नाही, म्हणणारही नाही, कोपीसमोर, म्हणजे फडावरच्या झोपडीसमोर, मांडव घातला, हळद लावली, सगळं रीतसर. मी आजीपाशी गावात होते, मला पंधरा दिवसांनी कळलं.

आता तुम्ही सांगा ह्याचं कारण काय लिहायचं.

मी दोनदा लिहिलंय, आणि दोन्ही वेळा बक्षीस मिळाल्यासारखं झालंय. कॉलेजात एका वक्तृत्व स्पर्धेत व्यसनमुक्ती हा विषय होता. मी अण्णांवर बोलले. "तो माणूस बाटलीपायी घर सोडून गेला" असं म्हणाले, वडिलांना "तो" म्हणाले, हॉलमधल्या बायका रडल्या, पहिला नंबर आला. विशीतल्या मला सगळं स्वच्छ दिसत होतं. दारू सोडा, शिका, लग्न उशिरा करा, घरं टिकतील. आज कुणी हेच मला सांगतं तेव्हा चीड येते, पण ते वाक्य आधी माझंच होतं, म्हणून तुमच्यावर फार ओरडताही येत नाही.

मग पुण्यात आले, वाचायला लागले, संघटनेच्या लोकांमध्ये बसले. १९७६ चा वेठबिगारीविरोधी कायदा वाचला. उचलीपोटी माणसाची दुसरीकडे कामाला जायची मोकळीक जाते, ही त्या कायद्यात वेठबिगारीची एक खूणच सांगितली आहे, आणि माझ्या डोळ्यासमोर ती लाल वही आली. मग मी पार दुसऱ्या टोकाला गेले. एका शिबिरात उभं राहून म्हणाले की अण्णा गेले नाहीत, त्यांना घालवलं गेलं. दारू कारण नाही, परिणाम आहे. तिथेही टाळ्या पडल्या. त्याचं कुणीतरी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं होतं, ते मी सुट्टीत अक्काला दाखवलं. मला वाटलं तिला बरं वाटेल.

अक्का तोवर नवऱ्याकडून परत आली होती, मुलगा घेऊन. तिने भाकरी थापत थापत पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "मुकादमानं मला कधी हात लावला न्हाई. लावला तो नवऱ्यानं. ते कुणाच्या वहीत लिवायलीस?"

ह्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं आणि आत्ताही नाही. कारण त्याच टोळीत, तेवढ्याच उचलीत, आमचे चुलते होते. दारूला शिवले नाहीत, काकूला कधी वावगं बोलले नाहीत. मग अण्णांनाच काय झालं होतं? पण थांबा, लगेच "बघा, म्हणजे माणसावरच असतं" म्हणू नका. त्या न पिणाऱ्या, न मारणाऱ्या चुलत्यांच्या दोन्ही मुलींची लग्नं सोळाव्या वर्षी झाली, मुलगा आज कोयत्यावर आहे आणि जमीन गहाण आहे. चांगुलपणाने त्यांचं घर आतून टिकलं. बाहेरून मात्र आमच्या आणि त्यांच्या घरात तुम्हाला फरक दिसणार नाही. मी हे वीस वर्षं जुळवते आहे, जुळत नाही.

शासनाने काहीच केलं नाही असंही नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी साखरशाळा आल्या, हंगामी वसतिगृहं आली, कामगारांसाठी महामंडळ झालं, २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने मुला-मुलींच्या ८२ वसतिगृहांना मंजुरी मिळाली. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तीही कोयता बंद ठेवून भांडल्यावर. ह्यातलं काही तेव्हा आमच्यापर्यंत पोचलं असतं तर अक्का फडावर गेली नसती का? मला वाटतं, एखादं वसतिगृह जवळ असतं तर मुकादमाला "ही?" विचारायला दारात आम्ही दिसलोच नसतो. पण वही तर होतीच. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बीड जिल्ह्यात विशीच्या पुढच्या तरुण बायकांमध्ये ४० टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. अक्कानंतर पंधरा-सोळा वर्षांनी.

अण्णा तीन वर्षांनी परत आले. कर्नाटकात वीटभट्टीवर होते म्हणे. वाळले होते, दात पडले होते, उंबऱ्यावर बसून राहिले, आत या असं आईने म्हटल्याशिवाय आत आले नाहीत. का गेला होतात असं आम्ही तिघींनी त्यांना वेगवेगळ्या वेळी विचारलंय. आईला म्हणाले, दोन मुकादमांची उचल घेतली होती, धरून नेलं असतं, मारलं असतं. हे मला आधी माहीतच नव्हतं, आणि दुसऱ्या उचलीचे पैसे कुठे गेले हे आजपर्यंत कुणालाच माहीत नाही. अक्काला म्हणाले, ऑपरेशन झाल्यापासून तुझ्या आईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. मी विचारलं तेव्हा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला शिकायचं व्हतं ना, शिकलीस ना," आणि उठून गेले.

म्हणजे मुकादमापासून पळाले, की आईपासून, की आमच्यापासून. तुमच्या प्रश्नाचं उत्तर खरं तर ह्यातच कुठेतरी असणार, आणि ज्याला ते माहीत आहे तो माणूस तीन जणींना तीन उत्तरं देतो. मला कधी वाटतं तिन्ही खरी. कधी वाटतं तिन्ही नंतर रचलेली. आता ते अक्काच्याच घरी असतात, तीच त्यांचं सगळं करते, औषधं, आंघोळ. मी महिन्याला पैसे पाठवते.

मागच्या आठवड्यात अक्काचा फोन आला. तिचा मुलगा वीसचा आहे, बारावी झालाय, दोन वर्षं काम शोधतोय. आता म्हणतो लग्न लावून द्या, अर्ध्या कोयत्यावर काही हाती लागत नाही. मुलगी बघितली आहे. सतराची. मी बोलत सुटले, हा गुन्हा आहे, ती पोर आहे, तुला तरी कळायला पाहिजे, तुझं काय झालं विसरलीस का. ती ऐकत राहिली. मग मी म्हणाले, लग्न थांबव, त्याला वर्षभर लागतील तेवढे पैसे मी देते.

ती म्हणाली, "अन् फेडायचे कसे?"

फेडायचे नाहीत, म्हटलं.

"सगळे पयल्यांदा असंच म्हणतेत," ती म्हणाली. तिच्या मागे अण्णा खोकत होते. मी विचारलं त्यांना देतेस का फोन, तर म्हणाली झोपलेत.

मुलीचं नाव विचारायचं राहिलं.