तुम्ही विचारलंत म्हणून: तयार बिल्डर असताना हाताने कोड कशाला?

'भाऊ, बिल्डरवर दोन दिवसांत साइट उभी होते, मग तुम्ही काऊन हाताने कोड लिहून राहिले?' इतवारीतल्या साडीवाल्यापासून मानेवाड्यातल्या क्लासच्या सरांपर्यंत सगळे मला हे विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर. (बिल्डर म्हणजे घरं बांधणारा नव्हे; कोड न लिहिता साइट जुळवायचं एखाद्या कंपनीचं तयार साधन.)

एका कंपनीच्या मालकीचं तंत्रज्ञान वाईटच असतं, असं मी मानत नाही. वेबपानावर हलती चित्रं, व्हिडिओ दाखवणाऱ्या फ्लॅशचंच घ्या. मॅक्रोमीडिया या कंपनीने 1996 च्या अखेरीस फ्यूचरस्प्लॅश नावाचं सॉफ्टवेअर विकत घेतलं, त्याचं फ्लॅश झालं. तेव्हा प्रत्येक ब्राउझरची तऱ्हा वेगळी. फ्लॅशमधलं चित्र मात्र प्लगइन (ब्राउझरला वरून जोडायचा भाग) असेल तिथे सारखंच हलायचं, बोलायचं. यूट्यूब 2005 मध्ये सुरू झालं तेही फ्लॅशवरच. वेबवरच्या रेखाचित्रांसाठी एसव्हीजीसारखं खुलं मानक (कोणालाही वापरता येतील असे जाहीर नियम) 2001 पासून होतं, पण मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझरला ते प्लगइनशिवाय दाखवता यायला 2011 उजाडलं. तेव्हा फ्लॅश निवडणारे लोक मूर्ख नव्हते बापा.

पुढे मॅक्रोमीडिया अडोबीकडे गेली. आयफोनने फ्लॅशला दारातही उभं केलं नाही, आणि एप्रिल 2010 मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सने त्याची कारणं जाहीर पत्रात मांडली: सुरक्षेतली भोकं, बॅटरी, टचस्क्रीन. कारणं खरी होती. (स्वतःचं ॲप स्टोअर कडेकोट बंद ठेवणाऱ्याने खुल्या वेबची वकिली करावी, ही गंमत वेगळी.) अडोबीने 2017 मध्ये शेवट जाहीर केला, 31 डिसेंबर 2020 ला सपोर्ट संपवला आणि 12 जानेवारी 2021 पासून प्लेअरने फ्लॅश चालवणंच बंद केलं. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही फॉर्म तेव्हाही फ्लॅशमध्येच होते. ते चालावेत म्हणून खात्याला स्वतःचा ब्राउझर काढावा लागला! मायक्रोसॉफ्टचं फ्लॅशसारखंच सिल्व्हरलाइटही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवर्तलं.

उलट ब्राउझरमध्ये चालणारी जावास्क्रिप्ट ही भाषा पाहा. 1995 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीने ती घाईघाईत काढली, 1997 मध्ये ईसीएमए या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तिचं मानक केलं. नेटस्केप बुडाली, भाषा मात्र क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांत चालते, कारण मानक वाचून ती चालवणारं आपलं इंजिन कोणीही लिहू शकतो. मला अडतं ते इथेच. तंत्रज्ञान जुनं होणारच; पण मालकाने शटर ओढल्यावर दुसऱ्या कोणाला ते चालू ठेवता येईल का? फ्लॅशच्या बाबतीत हे थोडंफार जमलं. रफल नावाचा मुक्तस्रोत प्रकल्प जुन्या फायली आजच्या ब्राउझरमध्ये चालवतो. पण फाइलच्या रचनेची माहिती वापरण्यावरची बंधनं अडोबीने 2008 मध्ये उठवली होती, हेही तिथे कामी आलं.

खुल्या बाजूलाही सगळं स्वच्छ नाही. कॉपी होऊ नये म्हणून कुलूपबंद केलेल्या चित्रपटांच्या व्हिडिओसाठीची सोय 2017 मध्ये वेबच्या मानकातच शिरली, आणि ते कुलूप उघडणारा भाग आजही कंपन्यांचाच असतो.

आता तुमचं काम. लग्नाच्या लॉनची साइट असेल, म्हणजे फोटो, पत्ता, तारीख विचारायचा फॉर्म, तर खुशाल बिल्डर घ्या. उद्या बंद पडला तर आठवड्यात दुसरीकडे तीच साइट होते. फक्त डोमेन, म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या, पोराच्या मित्राच्या नाही. क्लासच्या सरांचं वेगळं. वर्षानुवर्षं जमवलेले प्रश्न, आकृत्या, सराव परीक्षा हीच त्यांची कमाई. ती बिल्डरच्या क्विझमध्ये भरली आणि बाहेर काढायला रस्ताच नसला, तर सगळं पुन्हा टाइप करत बसा. म्हणून त्यांचे प्रश्न मी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविराम टाकून लिहिलेला तक्ता, कुठेही उघडतो) ठेवतो, आकृत्या एसव्हीजीत, आणि परीक्षा जावास्क्रिप्टमध्ये. तरीही बिल्डरच हवा असेल, तर पैसे भरण्याआधी डेमोमध्ये चार प्रश्न टाका, एक्सपोर्ट करा, म्हणजे फाइल म्हणून बाहेर काढा, आणि ती फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडून पाहा. सेल्सवाला 'होते ना सर' म्हणतो, ते पुरेसं नाही.

पैशाचं म्हणाल तर हाताने बांधलेल्या साइटला सुरुवातीला जास्त लागतात. वर लायब्ररी (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) अपडेट करायला, सर्व्हर पाहायला अधूनमधून माणूस लागतो. तो कोण, हे ठरलेलं नसेल तर मी स्वतःच बिल्डर घ्या म्हणून सांगतो. माझं काम जाते, बायको चिडते.