चोरबटण

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतून दोन स्कूटर चोरीला गेल्या. तेव्हापासून दर रविवारी सकाळी कुणी ना कुणी दारात येतं आणि विचारतं, "दादा, गाडीला चोरबटण बसवून द्याल का?" प्रत्येकाला उभ्या उभ्या अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो, कारण हे काम अर्धवट माहितीवर केलं तर काय होतं ते आमच्या घराने बघितलंय.

मी रबाळे एमआयडीसीत कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो, बावीस वर्षं झाली. राहतो कोपरखैरण्यात, माथाडींच्या बैठ्या घरांत. आमचे अण्णा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. हे घर त्यांच्या घामाचं. ही घरं उठली तेव्हा इथे कुणाकडे चारचाकी येईल असं कुणाच्या मनातही नव्हतं. त्यामुळे आज सगळ्या गाड्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंना, आरशाला आरसा लावून उभ्या असतात. वॉचमन नाही, गेट नाही.

अण्णांच्या बंडीला आतून, डाव्या बगलेखाली एक चोरखिसा होता. पगाराच्या दिवशी घरी आले की ते आधी पाठ वळवायचे, मग पैसे आईच्या हातात पडायचे. चोरखिसा, चोरकप्पा, चोरदरवाजा, चोरवाट. आपल्या भाषेत लपवायच्या जागेला चोराचंच नाव आहे. चोरबटण त्याच घरातलं. गाडीत असं एक बटण, जे मालकाला माहीत आणि दुसऱ्या कुणाला नाही. ते दाबल्याशिवाय चावी फिरवली तरी गाडी चालू राहत नाही.

२०१६ साली माझी मोटारसायकल दारासमोरून गेली. हँडल लॉक होतं. सकाळी सहाला कामावर निघालो तर जागेवर फक्त तेलाचा डाग. पोलीस स्टेशनला तक्रार दिली, तेव्हाचं चोरीचं कलम ३७९. काही महिन्यांनी 'ए समरी' झाली, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता आणि त्यात चोरीचा एक रुपया मिळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. हप्ते मात्र अजून सात शिल्लक होते. ते भरताना दर महिन्याला जी तळमळ व्हायची, तिच्यातून हे सगळं सुरू झालं.

पुढे धाकट्या भावाने भाजीच्या धंद्यासाठी जुनी मारुती ओम्नी घेतली. ऐरोलीला त्याचा गाळा आहे. पहाटे पावणेचारला वाशीच्या घाऊक बाजारात, एपीएमसीत जायचं, माल भरायचा, साडेपाचपर्यंत गाळ्यावर. त्या गाडीवर दोन घरं चालतात. चावी साधी, आत चिप नाही. नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते, लॉकभोवतीची कॉइल ती वाचते आणि ओळख पटली तरच ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, इंजिन चालू राहू देतो. आमच्या ओम्नीत ते नव्हतं. कुलूप फिरलं की गाडी चोराची.

तेव्हा मी जे केलं ते चुकलं. काय चुकलं तेच तुम्हाला सांगायचंय.

पेट्रोल पंपाची वायर तोडली आणि मध्ये एक साधा स्विच टाकला. जोड पिळून काळी टेप गुंडाळली. रोज पॅनलमध्ये एकेका वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबणारा माणूस मी, पण घरच्या गाडीला 'चालतंय' म्हणून टेप मारली. चार महिने काही झालं नाही. मग मे महिन्यात, पहाटे, भाऊ माल भरून ठाणे-बेलापूर रोडने येत असताना घणसोलीच्या उड्डाणपुलाच्या चढावर इंजिन बंद पडलं. गाडीत साडेचारशे किलो माल, उजवी लेन, मागून कंटेनरचा ट्रेलर. त्या ट्रेलरवाल्याने वेळेत लेन बदलली, एवढंच. भावाने हँडब्रेक ओढला, फोन केला आणि म्हणाला, "दादा, गाडी मेली. मी कठड्याला चिकटून उभा आहे." त्याचा तो आवाज मी विसरलेलो नाही.

टॉर्च लावून टेप सोडवली. उन्हाळ्याने तिचा गोंद पातळ होऊन काळ्या पाकासारखा बोटांना लागत होता. आत तांब्याचे पिळलेले तंतू हादऱ्याने सैल होऊन अर्धे तुटलेले, उरलेले गरम होऊन काळे पडलेले. पंप चार-पाच अँपिअर खातो. तेवढा करंट त्या सैल जोडातून आणि स्वस्तातल्या स्विचमधून रोज जात होता. चोर थांबवायला लावलेल्या वस्तूने मी माझ्या भावाला पुलावर थांबवलं होतं.

म्हणून जो कोणी हे काम करेल त्याने पहिला विचार चोराचा करू नये, चालत्या गाडीचा करावा. रस्त्यात इंजिन बंद पडलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं, ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांत रिकामा होतो. बटण बिघडलं तर गाडी सुरू होऊ नये, हे चालेल. चालती गाडी बंद पडावी, हे कदापि चालणार नाही.

मग मला वाटलं, पंपाला हात न लावता नुसती स्टार्टरची वायर तोडावी. त्यात चालती गाडी बंद पडायची भीतीच नाही. पण आमची गल्ली उताराची आहे. दोघांनी ढकलली, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की ओम्नी धक्क्यावर चालू होते. सात-आठ दिवस डोक्यात हेच. आणि एका दुपारी कंपनीत मोटरचा डीओएल स्टार्टर, म्हणजे कारखान्यातली मोटर चालू-बंद करायची पेटी, वायर करत असताना उत्तर समोर दिसलं.

मोटरच्या स्टार्टरला हिरवं पुश बटण असतं. तुम्ही ते क्षणभर दाबता, कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलने ओढला जाणारा स्विच, ओढला जातो आणि स्वतःच्याच एका कॉन्टॅक्टमधून स्वतःच्या कॉइलला सप्लाय देत राहतो. त्याला आम्ही होल्डिंग म्हणतो. बटण सोडलं तरी मोटर चालते. लाइट गेली की कॉन्टॅक्टर सुटतो, आणि लाइट आली तरी कुणी बटण दाबल्याशिवाय मोटर चालू होत नाही. हजारो वेळा केलेलं सर्किट. हेच गाडीत, फक्त कॉन्टॅक्टरच्या जागी बारा व्होल्टचा छोटा रिले.

चार पिनांचा रिले घ्या. त्यावर ३०, ८७, ८५, ८६ असे आकडे असतात. ३० नंबरला इग्निशनचा सप्लाय, मध्ये ३ अँपिअरचा फ्यूज. ८५ बॉडीला अर्थ. बटण ३० आणि ८६ च्या मध्ये. ८७ मधून एक वायर परत ८६ ला, हीच होल्डिंग. आणि ८७ मधूनच दुसरी वायर गाडीच्या मूळ पंप-रिलेच्या कॉइलला, तिचा जुना सप्लाय तोडून. पंपाच्या मोठ्या करंटला आपण हातच लावत नाही. रिलेची कॉइल सव्वाशे-दीडशे मिलिअँपिअर घेते, तेवढ्याशी आपला संबंध. चावी फिरवली, बटण एकदा दाबलं की रिले 'टक' करतो आणि चावी बंद करेपर्यंत धरून ठेवतो. गाडी चालताना ते बटण तुटून पडलं तरी काही होत नाही. चावी बंद केली की बंदोबस्त आपोआप लागतो. भावाला रात्री दमून आल्यावर काही लक्षात ठेवावं लागत नाही, हे मला सगळ्यात जास्त आवडलं.

एक ठेच इथेही लागली, ती तुम्हाला लागू नये. पहिल्यांदा मी सप्लाय ॲक्सेसरीच्या वायरवरून घेतला होता, म्हणजे टेप-रेडिओची लाइन. बटण दाबलं, टक झालं, स्टार्टर मारला की रिले सुटायचा. पुन्हा दाबा, पुन्हा सुटायचा. मल्टिमीटर लावला तेव्हा दिसलं, की स्टार्टर फिरत असताना चावी ॲक्सेसरीची लाइन तोडते, इग्निशनची तोडत नाही. वायर बदलली, प्रश्न संपला.

जोड मात्र जीव लावून करा. एक स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड वायर, नीट दाबलेले लग, वर गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह, आणि दर वीतभर अंतरावर टाय, म्हणजे वायर लोंबकळून हलणार नाही. वायर वाकते तिथे थोडी ढील. पत्र्याच्या भोकातून जात असेल तर रबरी ग्रोमेट हवंच, नाहीतर वर्षभरात पत्रा इन्सुलेशन कापतो. चकाचक लाल वायर वापरू नका. चोर आधी नवी वायर शोधतो आणि तिच्या मागे जातो. जुन्या हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या मूळ वायरींच्या जुडग्याच्याच रंगाची, त्याच टेपखाली जाणारी वायर हवी. आमच्या धंद्यात नंबर नसलेली वायर म्हणजे पाप. ओम्नीत मी बावीस वर्षांत पहिल्यांदा नंबराचं फेरूल न घालता वायर सोडली आणि हात अडखळला. नंबरांचं ड्रॉइंग कागदावर काढलं आणि आईच्या ट्रंकेत ठेवलं, कारण उद्या मी नसेन तर दुसऱ्या वायरमनला काही तरी समजायला हवं.

बटण कुठे, ते लिहिणार नाही. कुठे नको ते सांगतो: गुडघ्यासमोर डॅशबोर्डखाली नको, कप्प्यात नको, मॅटखाली नको. तिथे कुणीही पहिल्या मिनिटात हात घालतो. बसल्या जागी, बेल्ट लावून, अंधारात, न बघता हात पोचला पाहिजे. आणि ज्याचा हात पोचायचा त्याचा पोचला पाहिजे. भावजय माझ्यापेक्षा बरीच बुटकी आहे. मी निवडलेल्या पहिल्या जागेपर्यंत तिचा हात जात नव्हता. रात्री-अपरात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर गाडी तीच काढणार. म्हणून जागा तिच्या हाताच्या मापाने ठरवली. आमच्या घरात ती जागा तिघांना माहीत आहे, पोरांना नाही.

गॅरेजला गाडी देताना गुपित द्यायची गरज नाही. मी रिले सॉकेटमध्ये बसवलाय. तो उपसून खिशात टाकतो आणि त्या जागी ३० आणि ८७ जोडणारी एक लिंक खोचतो. गाडी नेहमीसारखी चालते. घरी आल्यावर पुन्हा रिले.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ओम्नीचा दरवाजा उघडा सापडला. स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक फोडलेलं, कुलूप उचकटलेलं, वायरी बाहेर काढून सोललेल्या. गाडी जागेपासून वीस-पंचवीस पावलांवर, रस्त्यात तिरकी. पाइपमध्ये उरलेल्या दाबावर इंजिन चार-पाच सेकंद चाललं असणार, मग मेलं. बॅटरी स्टार्टर मारून मारून उतरलेली. कुलूप, प्लॅस्टिक आणि वायरिंगला सव्वातीन हजार गेले, दोन दिवसांचा धंदा बुडाला. पण गाडी होती. आई बाहेर आली, बॉनेटवर हात ठेवून उभी राहिली, बराच वेळ काही बोलली नाही.

टोचण लावून, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून, ओढून नेली असती तर या बटणाने काही केलं नसतं, हेही खरं. म्हणून भाऊ स्टिअरिंगला लोखंडी दांड्याचं कुलूपही लावतो. ते बाहेरून दिसतं, आणि पुष्कळदा चोर ते बघूनच पुढे जातो.

नवी गाडी असेल तर मात्र माझ्याकडे येऊ नका, मी हात लावणार नाही. बटण-स्टार्टवाल्या गाडीत ईसीयू, एअरबॅग, सगळं एकमेकांशी बोलत असतं. पिवळ्या कनेक्टरची वायर चुकून छेडली तर एअरबॅगशी खेळ. वायरिंग कापलं की त्या भागाची वॉरंटी धोक्यात येते, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगावर येऊ शकतो. आणि गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या जपून ठेवा. चोरीच्या क्लेमला कंपनी त्या दोन्ही मागते.

जुन्या दुचाकीला किक असते, तिथे स्टार्टर तोडून उपयोग नाही, स्पार्कच थांबवावा लागतो. पण आधी मल्टिमीटरने बघा. काही गाड्यांत चावी बंद केली की सीडीआयचा, म्हणजे स्पार्क घडवणाऱ्या डबीचा, सप्लाय तुटतो, काहींत सीडीआयची एक वायर अर्थ होते. दुसऱ्या प्रकारात ती वायर तोडली तर गाडी बंद व्हायच्या ऐवजी चावीशिवाय चालू होईल. असं करून ठेवलेली एक स्कूटर मी दुरुस्त केली आहे.

पुढच्या रविवारी समोरच्या पेपरवाल्या पोराची स्कूटर घेतोय. पहाटे साडेचारला तो तिच्यावर अडीचशे घरं करतो. त्याला सांगितलंय, जागा तू शोध, मला फक्त वायर कुठल्या बाजूपर्यंत आणायची तेवढं सांग. मी दोन टोकं लग लावून, स्लीव्ह चढवून मोकळी सोडणार आणि नाक्यावर चहाला जाणार. बटण तो स्वतः बसवेल.