ओरलँडोच्या डिस्ने वर्ल्डमध्ये जेवण: कधी अ‍ॅपवर मागवावं, कधी काउंटरवर उभं राहावं

डिस्ने वर्ल्डला जाणारे लोक राइड्सचा अभ्यास महिनाभर करतात आणि जेवणाचं तिथे गेल्यावर बघू म्हणतात. माझं मत उलट आहे. बरोबर लहान मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर दिवस चांगला जाणार की चिडचिडीत, हे दुपारच्या जेवणावर ठरतं. एखादी राइड हुकली तर कुणी फार काळ मनाला लावून घेत नाही. पण ऑगस्टच्या उन्हात सत्तरीतल्या माणसाला रांगेत ताटकळत ठेवलं, आणि शेवटी त्याला खाता येईल असं काहीच मिळालं नाही, तर पुढचा दिवस फुकट.

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलिनात. सांगलीहून सासू-सासरे आले होते. मुलांची शाळा सुरू व्हायच्या आत त्यांना घेऊन ओरलँडोला गेलो. सासरे अंडंही खात नाहीत. चातुर्मास सुरू असल्यामुळे सासूबाईंचा कांदा-लसूण बंद. मुलांना मिळेल ते चालतं. बऱ्याच मराठी घरांत हीच परिस्थिती असते, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी पद्धत सांगते. डिस्नेच्या ‘माय डिस्ने एक्स्पिरियन्स’ या अ‍ॅपमध्येच जेवण मागवायची सोय आहे. 2017 मध्ये डिस्ने वर्ल्डच्या अ‍ॅनिमल किंगडम या पार्कमधला पँडोरा हा भाग उघडला, तेव्हा तिथल्या साटुली कँटीनमध्ये ही सोय आली आणि मग बाकीच्या पार्कांत पसरली. 2020 च्या जुलैमध्ये टाळेबंदीनंतर पार्क पुन्हा उघडले तेव्हा तर काउंटरपेक्षा अ‍ॅपवरच भर होता. ती सवय तिथे पक्की झाली आहे. आता झटपट जेवणाच्या बहुतेक ठिकाणी अ‍ॅप चालतं.

तुम्ही ठिकाण निवडता, पदार्थ निवडता आणि साधारण अर्ध्या तासाची एक वेळ निवडता. कार्डाची माहिती भरून ऑर्डर नोंदवता. पण स्वयंपाकघरात अजून काहीच हललेलं नसतं. तिथे पोचल्यावर ‘मी आलो आहे, ऑर्डर तयार करा’ अशा अर्थाचं बटण दाबायचं, मग जेवण बनायला घेतात. तयार झालं की फोनवर निरोप येतो. मग अ‍ॅपवाल्यांसाठीच्या वेगळ्या खिडकीवर जाऊन ट्रे उचलायचा. बटण दाबेपर्यंत ऑर्डर रद्द करता येते. म्हणून सकाळी निवडलेली जागा दुपारी फार लांब वाटली तरी जिवाला घोर नाही.

यातली खरी खुबी सकाळच्या वेळेत आहे. हॉटेलवर चहा पिता पितानाच दुपारचं जेवण नोंदवून टाकावं. बारा ते दीडच्या वेळा भराभर संपतात. पार्कात फिरून भूक लागल्यावर अ‍ॅप उघडलं तर दुपारी दोन-अडीचची वेळ दिसायची शक्यता मोठी. अमेरिकन लोक बाराच्या ठोक्याला जेवायला बसतात आणि संध्याकाळी साडेपाच-सहाला रात्रीचं जेवतात. आपलं जेवण एक-दीडला आणि रात्री साडेआठला. दुपारी या फरकाचा फारसा फायदा होत नाही, कारण गर्दी दीडपर्यंत टिकते. आम्ही अकराची वेळ घेत होतो. सकाळी सातला नाश्ता केलेल्या मुलांना अकराला भूक लागतेच, आणि जागा बऱ्यापैकी रिकामी मिळते. रात्री मात्र आपली सवय कामी येते. आठनंतर काउंटरवर फारशी रांग नसते, तिथे अ‍ॅपची गरजच पडत नाही. फक्त ते ठिकाण किती वाजता बंद होतं हे आधी बघून ठेवा. पार्क रात्री उशिरापर्यंत उघडा असला तरी सगळी उपाहारगृहं तोवर चालू नसतात.

आता शाकाहाराबद्दल. अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’ म्हटलं की त्यात अंडं असू शकतं, हे इथे राहणाऱ्यांना माहीत असतं, पण नव्याने येणाऱ्यांना नसतं. डिस्नेच्या मेन्यूत 2019 पासून काही पदार्थांपुढे एक हिरवं पान दिसतं. त्या पानाचा अर्थ मांस, मासे, अंडं, दूध, मध यातलं काहीच नाही. म्हणजे सासऱ्यांसाठी पान दिसलं की डोळे मिटून मागवायचं. उलट बाजूही लक्षात ठेवा. चीज पिझ्झापुढे पान नसतं, कारण त्यात दूध आहे. पान नाही म्हणून पदार्थ मांसाहारी असेल असं नाही, पण मग विचारावं लागतं. अ‍ॅपमध्ये हे सगळं निवांत वाचता येतं. काउंटरवर मागे पंधरा माणसं उभी असताना चष्मा शोधत वरचा फलक वाचायचा, ही वयस्करांची दमछाक अ‍ॅपमुळे वाचते. सासऱ्यांनी फोन हातात घेऊन, अक्षर मोठं करून, सगळा मेन्यू स्वतः वाचला. ‘मला काय हवं ते मी सांगतो’ हे म्हणायची संधी त्यांना मिळाली, ही गोष्ट मला वेळ वाचण्यापेक्षा मोलाची वाटली.

साटुली कँटीन हे ठिकाण आमच्यासारख्या घरांना मनापासून सुचवते. तिथे वाडगा आपण रचायचा. खाली भात आणि धान्यांचं मिश्रण, नूडल्स, रताळं-बटाट्याचा परतलेला कीस किंवा पालेभाज्यांचं सॅलड. वर चिकन, बीफ किंवा तिखट मसाल्यातला तळलेला टोफू. मग सॉस. शेवटी वरून चमकदार रंगीत गोळ्या टाकतात, दाताखाली फुटतात आणि आतून फळाचा रस येतो. धाकट्याने आधी त्या सगळ्या वेचून खाल्ल्या. अ‍ॅपमध्ये प्रत्येक थर वेगळा निवडता येतो, त्यामुळे ‘सॉस बाजूला द्या’ असं इंग्रजीत समजावत बसावं लागत नाही.

पण अ‍ॅप इथवरच पुरतं. अमेरिकेत अ‍ॅलर्जीचे मुख्य घटक नऊ धरतात: दूध, अंडं, मासे, कवचवाले जलचर, शेंगदाणे, काजू-बदामासारखा सुका मेवा, गहू, सोयाबीन आणि 2023 पासून तीळ. अ‍ॅपमधली अ‍ॅलर्जीची यादी यांच्याभोवती बांधलेली आहे. कांदा-लसूण त्यात नाही आणि असायचं कारणही नाही. ‘हे नको’ म्हणून टिचकी मारायला चौकोन नाही, आणि सॉसमध्ये लसूण वाटून घातला आहे का, हे अ‍ॅप सांगत नाही. सासूबाईंचं जेवण म्हणून मी कधीच अ‍ॅपवर मागवलं नाही.

साटुलीत आमची चौघांची ऑर्डर अ‍ॅपवर होती. ती खिडकीवरून नवऱ्याने घेतली, आणि मी सासूबाईंना घेऊन काउंटरच्या रांगेत उभी राहिले. गल्ल्यावरच्या मुलीला म्हटलं, ‘नो अनियन, नो गार्लिक, नो एग, नो मीट. धार्मिक कारण आहे.’ तिने लगेच आतून विशेष आहाराचं शिक्षण घेतलेल्या एका बाईंना बोलावलं. त्या एप्रनला हात पुसत बाहेर आल्या आणि माझ्याऐवजी थेट सासूबाईंकडे बघून बोलू लागल्या. मी मधे मराठीत सांगत होते. त्या आत जाऊन यादी बघून आल्या. तिन्ही सॉस नको, टोफूचा मसाला नको, भात आणि साधी भाजी देते, फळं जास्त घालते, असं म्हणाल्या. दहा मिनिटांनी स्वतः ट्रे घेऊन आल्या. सासूबाईंनी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, लसूण न घालता घरून करून आणलेली, आणि भातावर घालून पोटभर जेवल्या. ‘बाईंनी मनापासून केलं हो,’ एवढंच म्हणाल्या.

म्हणून आमचा नियम ठरला. जे विचारायचं नाही ते अ‍ॅपवर, जे विचारायचं आहे ते माणसाला. आणि विचारायचं असेल तर गर्दीच्या आधी, अकराच्या सुमाराला विचारायचं. तेव्हा स्वयंपाकघरातल्या माणसाला बाहेर येऊन बोलायला सवड असते. साडेबाराला तीच माणसं तेवढ्याच आपुलकीने बोलतील, पण मागची रांग आपल्यालाच बोचत राहते.

घरचं खाणं आत नेता येतं का, हा प्रश्न सगळेच विचारतात. डिस्ने वर्ल्डच्या पार्कांत नेता येतं. दारू आणि काचेची भांडी चालत नाहीत, लोणच्याची काचेची बरणी असेल तर प्लास्टिकच्या डबीत काढून घ्या. ठेपले, दशम्या, चिवडा, राजगिऱ्याचे लाडू आम्ही रोज नेले. दारावर पिशवी तपासतात, कुणी हरकत घेतली नाही. हे डिस्नेपुरतं आहे. शेजारच्या युनिव्हर्सलमध्ये नियम बरेच कडक आहेत, तिथे जाण्याआधी त्यांचे नियम वेगळे वाचा.

पाणी विकत घेऊ नका. जिथे ग्लासातून थंड पेय मिळतं अशा काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मागता येतं. नुसतं पाणी हवं असेल तरी. उन्हाळ्यात ओरलँडोचं ऊन मी म्हणतं आणि दमटपणा कोकणातल्या मे महिन्यासारखा. वयस्करांना दर तासाला पाणी प्यायला लावा.

आणि दुपारचा पाऊस. उन्हाळ्यात तिथे दुपारनंतर गडगडाटासह पाऊस येणं अगदी नेहमीचं. आला की बाहेरच्या राइड्स थांबतात आणि सगळं पार्क आडोशाला धावतं, म्हणजे उपाहारगृहांत. आकाश काळवंडायला लागलं की मॅजिक किंगडममध्ये आम्ही कोलंबिया हार्बर हाऊसची ऑर्डर नोंदवायचो. तिथे वरच्या मजल्यावर बसायची सोय आहे आणि बऱ्याच जणांना तो जिना दिसतच नाही. सासऱ्यांच्या गुडघ्यांना जिना जरा जड गेला, पण वर थंडावा आणि शांतता होती. ते तिथे अर्धा तास डोळे मिटून बसले. आम्ही मुलांना घेऊन पावसात भिजत फिरलो.

बटण कधी दाबायचं यावर माझं मत आहे. गर्दी नसेल तर दाराशी पोचल्यावर. गर्दी असेल तर चालायला लागल्यावर, कारण तेव्हा तयार व्हायला वेळ लागतो. अलीकडच्या राइडच्या रांगेत अडकलेले असताना दाबू नका, जेवण गार होतं आणि गार फ्राइज मुलं खात नाहीत. आणि एकाच माणसाने खिडकीवर जावं. बाकीच्यांनी सावलीत थांबावं. काही ठिकाणी गर्दीच्या वेळी दारावर फोनमधली ऑर्डर दाखवल्यावरच आत सोडतात, म्हणून ज्याच्या फोनवर ऑर्डर आहे तोच पुढे.

फोनची बॅटरी हा खरा अडसर आहे. राइडची वेळ राखायची ‘लाइटनिंग लेन’, नकाशा, तिकिटं, जेवण, सगळं एकाच अ‍ॅपवर. दुपारी तीनपर्यंत फोन मान टाकतो. पॉवर बँक न्याच. पार्कात वायफाय फुकट आहे.

भारतातून थेट येणाऱ्यांसाठी कार्डाची गोष्ट महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांनुसार नव्या कार्डांवर परदेशातले आणि ऑनलाइन व्यवहार आपण सुरू केल्याशिवाय चालत नाहीत. निघण्याआधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये दोन्ही सुरू करा आणि मर्यादा ठरवून घ्या. ऐनवेळी अडलंच तर डिस्नेचं गिफ्ट कार्ड अ‍ॅपवर चालतं, आणि काउंटरवर रोख डॉलर चालतात. सासऱ्यांनी शेवटपर्यंत खिशातल्या नोटाच वापरल्या. मोठ्यांचं एक जेवण साधारण 12 ते 17 डॉलर, वर साडेसहा टक्के कर. या ठिकाणी टीप द्यावी लागत नाही. ताटं मोठी असतात. मुलांचं जेवण मोठ्यांनी मागवलं तरी कुणी विचारत नाही, त्यात दोन जोडपदार्थ आणि पेयही येतं. सासूबाईंची भूक तेवढीच होती.

काही गोष्टींसाठी मी फोन पर्समध्येच ठेवते. पॉपकॉर्नच्या गाड्या. एपकॉट या पार्कमध्ये महोत्सवाच्या काळात देशोदेशीच्या पदार्थांचे छोटे स्टॉल लागतात, तिथे समोर बघून, वास घेऊन, पुढच्या माणसाच्या हातात काय आहे ते पाहून मागवण्यातच मजा आहे. एपकॉटच्या अकरा देशांच्या दालनांच्या फेरीत सासरे प्रत्येक स्टॉलपुढे थांबून ‘हे काय?’ विचारत होते आणि गल्ल्यावरची मुलंमुली, बरीचशी त्याच देशांतून आलेली, हौसेने सांगत होती.

बसून, वाढून घेऊन जेवायचं असेल तर अ‍ॅनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्या हॉटेलमधल्या सना या उपाहारगृहात जा. हॉटेलच्या किदानी व्हिलेज या भागात आहे, पार्कचं तिकीट लागत नाही. नान, कुलचा असे प्रकार आणि सोबत नऊ चटण्या-लोणची, बाहेरच्या गवतावर जिराफ आणि झेब्रे. टेबल आधी राखून ठेवावं लागतं. कांदा-लसणाचं तिथेही बसल्या बसल्या वाढप्याला सांगा, आचारी येऊन बोलतो.

डिस्नेच्याच हॉटेलात उतरला असाल तर तिथल्या फूड कोर्टमध्येही बहुधा अ‍ॅप चालतं. आतषबाजीनंतर बसच्या रांगेत उभं असताना दूध आणि फळं मागवून ठेवायची, पोचल्यावर बटण दाबायचं. मुलं बसमध्येच झोपतात, पण सासूबाईंना झोपण्याआधी कपभर गरम दूध लागतं.