१८ वर्षांनंतरचे पालकत्व

मूल १८ वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने आईवडिलांचे पालकत्व संपते, आणि मूल बौद्धिक दिव्यांग असले तरी हा नियम बदलत नाही, हे अनेक कुटुंबांना बँकेत किंवा तलाठ्याकडे काम अडल्यावरच कळते. आज माझ्या आतेभावाच्या पालकत्वाच्या कामासाठी आत्या आणि त्याच्याबरोबर सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयात गेलो होतो. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील इजेमुळे हालचालींवर येणारी मर्यादा), बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीला आहे. नेमलेल्या पालकाला सहा महिन्यांच्या आत मालमत्तेची यादी आणि त्यानंतर दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. ही अट मला फार मोलाची वाटते, कारण भावकीत जमिनीवरून काय घडते ते आपण पाहतोच.

प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आत्याच देत होती. एका अधिकारी बाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढून भावालाच विचारले, "तुला कुणाजवळ राहायला आवडतं?" त्याने बराच वेळ घेतला, आणि आईचा पदर न सोडता धाकट्या बहिणीकडे बोट दाखवले. त्याचे मत त्याच्याकडूनच जाणून घेणे किती आवश्यक आहे, हे मला तेव्हा मनापासून पटले.

ज्यांची अशी मुले अजून लहान आहेत, त्यांनी राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यासाठी आताच अर्ज करावा. त्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि थेरपीचा खर्चही धरला जातो. शिवाय २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व प्रमाणित असलेल्या ६ ते १८ वयोगटातील मुलांना जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.