हिकरी धनुष्य, नोंद 7: भाजलं, पण ओलावा परत येईना

ॲरिझोनातल्या टुसॉनच्या कोरड्या जूनने शेवटी हिसका दाखवलाच. मागच्या नोंदीतलं हिकरीचं (चिवट अमेरिकन लाकूड) 66 इंची धनुष्य (28 इंच ओढल्यावर 45 पाउंड) पोट, म्हणजे नेमबाजाकडची बाजू, भाजून दहा दिवस गॅरेजात टांगलं होतं. टिलर-ट्रीवर (धनुष्य ओढून बाक तपासायचा खांब) 24 इंचांना टक् आवाज आला आणि पाठीवर (नेमबाजाच्या विरुद्ध बाजूला), मुठीपासून 9 इंचांवर, नखाएवढी ढलपी उठली.

टिलर, म्हणजे दोन्ही भुजांचा बाक, चोख होता, पाठीवरची वार्षिक रेघही कुठे कापली गेली नव्हती. दोष कमी ओलाव्याचा. ‘भाजल्यावर आठवडाभर थांबा, लाकूड ओलावा परत घेतं’ हा दमट मुलखातला सल्ला. गॅरेजात आर्द्रता 12-15 टक्के, तापमान 40 च्या आसपास. तिथे लाकडातला ओलावा 3 टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. परत घेणार कुठून?

वजनाचा हिशोब बघा. भाजण्याआधी धनुष्य 620 ग्रॅम. त्याच दिवशी त्याच स्टेव्हचा (धनुष्य कोरायच्या लाकडी दांड्याचा) टोकापासून आतला तुकडा कापला होता: 43.2 ग्रॅम, ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन स्थिरावेपर्यंत ठेवल्यावर 40. म्हणजे 8 टक्के ओलावा, धनुष्याचं कोरडं वजन 574, आणि प्रत्येक टक्क्याला पावणेसहा ग्रॅम. भाजल्यावर 598 भरलं. दहा दिवसांनी वाढायचं सोडून 595! साडेतीन टक्क्यांवर हिकरीची पाठ ताण कशी सोसणार? दोन टाचण्यांचं मीटर इथे कुचकामी, 6 टक्क्यांखाली ते काहीही दाखवतं. स्वयंपाकघरातला काटा घ्या, एक ग्रॅमचा.

उपाय: 4 इंची पीव्हीसी पाइप, 6 फूट, दोन टोपणं, घरात आडवा. आत वाटीत 200 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट, 100 मिली पाणी. खडे न विरघळता तळाशी दिसलेच पाहिजेत, तरच आतल्या हवेची आर्द्रता 43 टक्क्यांवर टिकते. वाटीवर कापड बांधा, हात लावू नका, झोंबतं. गिटारवाल्यांच्या आर्द्रता टिकवणाऱ्या 49 टक्क्यांच्या पुड्या सोयीच्या, पण महाग; ओसेजला (धनुष्याचं दुसरं लाकूड) चालतील, हिकरीला मला 43 च बरं वाटतं. हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र) आधी ओल्या मिठाबरोबर बंद पिशवीत ठेवून तपासा, 75 दाखवायला हवा. आमचा 68 दाखवत होता.

हे लिहिताना सुचलं: कूलरच्या खोलीतच का टांगू नये? नागपूरकरांना सांगायला नको, पॅड ओले असले की खोली 45-50 वर जाते. पण जुलैत इथला मॉन्सून लागला की तीच खोली 65 पार, आणि हिकरी तिथे सेट घेते, म्हणजे कायमची वाकते. जूनपुरता कूलर, पुढे पाइप? नको, रोज हलणारी आर्द्रता नकोच. पाइपच.

पहिल्या आठवड्यात 6 ग्रॅम, दुसऱ्यात 4, तिसऱ्यात 3. आज 608. भाजताना थोडं लाकूडही जळतं, म्हणून 620 ची वाट बघत नाही. 612 ला दोरी चढवणार. ढलपीखाली पातळ सुपरग्लू सोडलाय, वर लिननच्या दोऱ्याचे अर्धा इंच वेढे येतील. फिनिश सध्या नाही, नाहीतर ओलावा आत शिरायलाच महिना जाईल.

दुसरीकडे, ओसेजच्या स्टेव्हच्या टोकांना लाकडाच्या गोंदाचे दोन हात, सोललेल्या पाठीला शेलॅक. अजून एकही चीर नाही.